बायबल मराठीत असताना हिब्रू आणि ग्रीक कशाला?

माझ्या भाचीनं शेतीची पदवी घेतली आणि पाळक, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा धर्मगुरू, व्हायचं म्हणून ती पुढच्या शिक्षणाला गेली. दिवाळीत मामाच्या गावी आली तेव्हा तिच्या वहीत उजवीकडून डावीकडं लिहिलेली अक्षरं होती. शेजारचे काकाजी खाटेवर बसून ती वही चाळत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काहून हो सर, बायबल त मराठीत हाये. आपन दर रविवारी वाचतो. मंग हे कायले शिकून रायली? पाळकाले प्रार्थना करता आली, चार घरी जाता आलं, का झालं."

हा प्रश्न फक्त काकाजींचा नाही. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, वडीलधारे विचारतात, ख्रिस्ती नसलेले शेजारी विचारतात, आणि पोरीच्या बापाच्या मनात तर तो खर्चासकट असतो. हातची पदवी घेऊन नोकरी पाहायची सोडून आणखी तीन-चार वर्षं मेलेल्या राजांच्या भाषा घोकायच्या? त्या रात्री अंगणात मी काकाजींना जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो आहे.

भाजीत सांबार टाकला म्हणजे काय टाकलं?

आमच्याकडं भाजी उतरवली की वरून सांबार टाकतात. विदर्भातल्या कुणालाही यात काही अडणार नाही, कारण सांबार म्हणजे कोथिंबीर. हेच वाक्य पुण्याच्या माणसानं वाचलं तर त्याला इडलीसोबतचं आंबट वरण आठवतं. नागपूरची सांबारवडी समोर आल्यावर आत डाळ शोधणारे पाहुणे मी पाहिले आहेत. भाषा एक, राज्य एक, काळही एक. मध्ये फक्त सातशे किलोमीटरचं अंतर, तरी शब्द दुसरीकडंच घेऊन जातो.

आता हेच अंतर दोन-तीन हजार वर्षांचं करा. मध्ये समुद्र घाला, वेगळं हवामान घाला, वेगळे राजे, वेगळी नाणी, लग्नाच्या वेगळ्या रीती. बायबल आपल्यापर्यंत एवढ्या लांबून आलं आहे.

घरच्या जवळचंही एक उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र लिहिलं. ती मराठीच आहे, वऱ्हाडच्या मातीतली, तरी आज तिचं एक पान वाचताना आपण चार ठिकाणी अडखळतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. तिथं कुणी जुनी मराठी शिकायला गेलं तर आपण त्याला कौतुकानं निरोप देऊ. आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीत त्रिसरण-पंचशील आजही पालीतच म्हणतात, आणि नागपूर विद्यापीठात पाली शिकवणारा विभाग आहे. भंतेजींना पाली यावी हे कुणाला जगावेगळं वाटत नाही. पाळकाला हिब्रू यावी, ही अपेक्षा त्याच जातीची आहे.

तिथं शिकवतात तरी काय?

बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. दानीएलाच्या पुस्तकाचा मोठा भाग आणि एज्राचे काही उतारे अरामी भाषेत आहेत. अरामी ही हिब्रूची सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा, येशूच्या काळी गालीलात लोकांच्या तोंडी तीच होती. नवा करार ग्रीकमध्ये आहे, तोही विद्वानांच्या नव्हे तर कोइने नावाच्या ग्रीकमध्ये. कोइने म्हणजे सामाईक. बाजारात, घरच्या पत्रांत, हिशेबाच्या कागदांवर चालणारी भाषा.

हिब्रूत २२ अक्षरं, सगळी व्यंजनं. काना-मात्रा नाहीत. आपण नुसतं 'कर' लिहिलं आणि वाचणाऱ्यानं संदर्भावरून कर, कार, कीर की कोर ते ठरवलं, तसं. द-ब-र ही तीन अक्षरं 'दाबार' वाचली तर शब्द किंवा वचन, आणि 'देबेर' वाचली तर मरी, म्हणजे साथीचा रोग. उच्चाराच्या खुणा यहूदी पंडितांनी कितीतरी शतकांनी, साधारण सहाव्या ते दहाव्या शतकात बसवल्या. ज्यांच्या घरी जुना मोडी कागद निघाला आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. धुऱ्याचा वाद असला की तो कागद आपण मोडी जाणणाऱ्याकडं नेतो. "असं असं लिहिलंय म्हणतात" एवढ्यावर दोन वाफेही कुणी सोडत नाही.

या शिक्षणाच्या पहिल्या पदवीचं नाव बी. डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. नावात बॅचलर असलं तरी बहुतेक मुलं कॉलेजची पदवी घेऊन इथं येतात, म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो. पुढं एकाच विषयात खोल जायचं तर दोन वर्षांचं एम. टीएच. आपल्या देशात या पदव्या देणारी मोठी संस्था म्हणजे सेरामपूरचं सिनेट. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली बंगालात सेरामपूर कॉलेज काढलं, आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या देण्याची सनद दिली. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. याच केरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली शब्दकोश.

हे सगळं पुण्या-कलकत्त्याचं, असं वाटत असेल तर यवतमाळकरांना मुद्दाम आठवण करून देतो. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं कापसाच्या गाड्या जात होत्या त्या यवतमाळात देशभरातली पोरं हिब्रूची क्रियापदं पाठ करत होती.

पावसाचं उदाहरण

भाषेपेक्षा मला स्वतःला जास्त ओढ लागली ती दुसऱ्या विषयाची, त्या काळच्या जगण्याची. लोक काय पेरायचे, कधी कापायचे, विहिरीवर कोण यायचं, कर्ज कसं फेडायचे. भाचीनं वहीतून मला एक चित्र दाखवलं. गेझेर नावाच्या ठिकाणी १९०८ साली उत्खननात चुनखडीची तळहाताएवढी पाटी सापडली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर शेतीचं वर्ष लिहिलं आहे. दोन महिने फळं गोळा करण्याचे, दोन महिने पेरणीचे, दोन महिने उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढायचा, एक जवाच्या कापणीचा, एक उरलेल्या कापणीचा आणि मापणीचा, दोन द्राक्षवेलींचे, एक उन्हाळी फळांचा. बेरीज बारा. आपल्या घरी भिंतीवर मृग, आर्द्रा, पुनर्वसू बघून जी माणसं ठरवतात, त्यांच्याच जातीचा कुणीतरी हा.

आता मराठी बायबल उघडा. परमेश्वर 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' यथाकाळी देईल, असं वचन त्यात आहे. आपण हे वाचतो आणि मनात काय येतं? आगोटी म्हणजे मृगाच्या सरी, जून. वळीव म्हणजे त्याआधीचा, एप्रिल-मेचा, ढेकळं भिजवणारा. म्हणजे वळीव आधी आणि आगोटी मागून. वचनात क्रम उलटा का, असं मला लहानपणी वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही.

इस्राएलात उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, पाऊस पडतो हिवाळ्यात. पहिल्या पावसाला हिब्रूत 'योरे' म्हणतात, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि त्यावर पेरणी होते. शेवटचा 'मलकोश', मार्च-एप्रिलचा. त्या वेळी जव-गहू ओंबीत असतो आणि त्या पावसानं दाणा भरतो. भाषांतर करणाऱ्यानं योरेला आगोटी म्हटलं ते फार चांगलं केलं, महिना वेगळा असला तरी पेरणीच्या पावसाची आस तीच आहे. मलकोशला वळीव म्हटल्यानं मात्र काहीतरी निसटलं. आपला वळीव रिकाम्या वावरात पडतो. मलकोश पडतो उभ्या पिकावर. तो चुकला तर वर्षभराची मेहनत पोचट ओंब्यांत जाते. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पावसानं पाठ फिरवलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला मलकोश म्हणजे काय ते एका वाक्यात सांगता येईल. पण ते वाक्य पाळकाला माहीत पाहिजे.

हे वचन जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, ११व्या अध्यायात आहे. तिथंच त्याच्या आधी आणखी एक ओळ आहे. मोशे लोकांना सांगतो, तुम्ही जिथं जाताय तो देश मिसरासारखा, म्हणजे इजिप्तसारखा, नाही. मिसरात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायानं पाणी देत होता. हा देश डोंगरदऱ्यांचा, आकाशातल्या पावसाचं पाणी पिणारा. 'पायानं पाणी' यावर अभ्यासकांचे वेगवेगळे तर्क आहेत, त्यातला एक म्हणजे पायानं सरीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढं काढायचं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काकाजी खाटेवर सावरून बसले. "म्हंजे मिसर ओलिताचं आन हे कोरडवाहू," ते म्हणाले. बस. एवढंच. नाईल नदीच्या भरवशावरची शेती आणि आभाळाकडं डोळे लावून केलेली शेती यांतला फरक त्यांनी एका दमात सांगितला. कोरडवाहू शेतकऱ्यालाच उद्देशून तो अध्याय बोलतो, हे मला पन्नास वर्षं चर्चला जाऊन कळलं नव्हतं.

व्याजाचा दात

दुसरं उदाहरण कर्जाचं. ते मी विदर्भात बसून लिहितो आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

जुन्या करारात गरिबाला व्याजानं पैसे देऊ नका, अशी आज्ञा आहे. मराठीत आपण 'व्याज' वाचतो आणि पुढं जातो, कारण तो बँकेच्या पासबुकातला शब्द आहे. हिब्रू शब्द आहे 'नेशेख'. तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ चावणं. रानात साप लोकांना चावले, असं गणनाच्या पुस्तकात आहे, तिथं हेच क्रियापद आहे. म्हणजे व्याज म्हणजे चावा, डंख. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला त्यानं सावकार जवळून पाहिला असणार.

लेवीय २५:३७ मध्ये दोन वेगळे शब्द आलेत. पैसा 'नेशेख'वर देऊ नकोस, आणि धान्य 'मरबीत'वर देऊ नकोस. मरबीत म्हणजे वाढ. धान्य उसनं देऊन सुगीला वाढवून घ्यायचं. जुन्या माणसांना वाढीदिढी आठवत असेल, पायली नेली तर दीड पायली परत. आपल्याकडं जसे रोकड्याच्या व्याजाला आणि धान्याच्या वाढीला दोन शब्द होते, तसेच तिथंही. नहेम्याच्या ५व्या अध्यायात लोक ओरडतात की दुष्काळात दाणे मिळावेत म्हणून आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आमच्या मुली दास्यात गेल्या. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर आमच्या मंडळीत वाचला तर समजावून सांगावा लागत नाही. मागच्या बाकावरचे लोक मान खाली घालतात.

आता येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेकडं या. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." हे वाक्य आम्हाला आईच्या मांडीवर पाठ झालेलं. मला नेहमी वाटायचं, ऋण हा शब्द इथं अलंकार म्हणून आहे, खरं म्हणायचं आहे पाप. ही प्रार्थना नव्या करारात मत्तय आणि लूक या दोघांच्या पुस्तकांत आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये खरोखर देण्याचा, म्हणजे फेडायच्या रकमेचा शब्द आहे. लूक तीच प्रार्थना देताना 'पापे' म्हणतो, पण पुढच्याच अर्ध्या ओळीत 'ऋणी' म्हणतो. हे कसं? येशू बोलत होता त्या अरामीत कर्ज आणि पाप या दोन्हींना 'होबा' हा एकच शब्द चालतो. एका शब्दात दोन्ही होतं, ग्रीकमध्ये आणताना एकानं एक बाजू धरली, दुसऱ्यानं दुसरी. मराठी भाषांतरकारांनी मत्तयात 'ऋण' ठेवलं याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. ते हात जोडून म्हणणाऱ्या बाईच्या उशाशी सोसायटीची नोटीस असते, तेव्हा ती काय मागते आहे ते पाळकाला नीट कळलं पाहिजे.

मग आपलं मराठी बायबल चुकीचं आहे का?

अजिबात नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी काढायला हवा. आपली भाषांतरं फार कष्टानं केलेली आहेत. पंडिता रमाबाईंचंच पाहा. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई, तिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती सदनात हे काम वर्षानुवर्षं चाललं. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि सबंध बायबल १९२४ साली छापून आलं. मराठी मुलीनं हिब्रू शिकून काय करायचं, असं विचारणाऱ्याला मी आधी केडगावचं नाव सांगतो.

पण भाषांतराला एक अडचण असतेच. एका शब्दाच्या जागी एकच शब्द ठेवता येतो. योहानाच्या ३ऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या माणसाला सांगतो, "वारा पाहिजे तिकडे वाहतो," आणि आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे. ग्रीकमध्ये 'वारा' आणि 'आत्मा' या दोन्ही ठिकाणी 'न्यूमा' हा एकच शब्द आहे. हिब्रूत 'रूआख' म्हणजेही वारा, श्वास आणि आत्मा. ऐकणाऱ्याच्या कानात तिन्ही एकदम वाजत. मराठीला त्यांतला एक निवडावाच लागतो. यात भाषांतरकाराचा दोष नाही. जे मागं राहिलं ते उपदेशाच्या पंधरा मिनिटांत सांगायला पाळक उभा असतो.

मोबाइलमध्ये सगळं मिळतं ना?

पुष्कळ मिळतं. शब्दावर बोट ठेवलं की खाली मूळ शब्द आणि दहा अर्थ येतात. पण मोबाइलला 'सांबार' विचारून पाहा. तो डाळीचं आंबट वरण सांगेल, कोथिंबीर सांगितलीच तर कुठंतरी खाली. दहांतला इथं कोणता अर्थ, हे वाक्य ठरवतं, लिहिणारा ठरवतो, गाव ठरवतं.

अर्धवट माहितीनं झालेलं नुकसान मी स्वतः ऐकलं आहे. एका सभेत वक्त्यानं सांगितलं की सामर्थ्याला ग्रीकमध्ये 'दुनामिस' म्हणतात, त्यावरून डायनामाइट शब्द आला, म्हणून देवाचं सामर्थ्य स्फोटासारखं असतं. लोकांनी हालेलूया म्हटलं. डायनामाइट नोबेलनं १८६७ साली काढलं. पौलानं नव्या करारातलं पत्र लिहिलं तेव्हा, पहिल्या शतकात, त्याच्या डोळ्यांपुढं सुरुंग कुठून असणार? तसंच सुईच्या नाकाचं. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून त्यातून जायचा, असं मी लहानपणापासून ऐकतो. त्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. येशूनं खरंच सुई आणि खरंच उंट म्हटलं होतं. दरवाजा आला की श्रीमंताची सुटका होते, थोडं वाकलं की झालं. वचनाचा दात काढून टाकायला एक खोटा दरवाजा पुरतो.

आणि ग्रीकमध्ये देवाच्या प्रेमाला 'अगापे' हा खास पवित्र शब्द आहे, असं आपण सर्रास सांगतो ना? जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, त्यात दावीद राजाचा मुलगा अम्नोन यानं आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, जी वासना धरली आणि तिचा नाश केला, तिथंही याच धातूचं क्रियापद आहे. शब्द आपोआप पवित्र होत नाही. हे कळायला व्याकरणाची तीन वर्षं घासावी लागतात, त्याला आडवाट नाही.

शिकून विश्वास डळमळतो म्हणतात

डळमळतो, हे मी लपवणार नाही. पहिल्या वर्षी एका रात्री भाचीचा फोन आला. "मामाजी, मार्काच्या शेवटच्या बारा ओळी सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाहीतच." चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत त्या खरोखर नाहीत. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची गोष्टही योहानाच्या सगळ्यांत जुन्या प्रतींत सापडत नाही. पोरगी रडत होती. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही, मी फक्त ऐकून घेतलं.

नंतर तिनंच मला समजावलं. छपाई नव्हती तेव्हा सगळं हातानं उतरवलं जायचं. प्रती ताडून पाहून जुना पाठ ठरवायचा, याला पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच देशभरच्या हस्तलिखितांवरून केली, ते काम १९६६ पर्यंत चाललं. त्यानं महाभारत लहान झालं नाही. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत यशयाची जी गुंडाळी सापडली, ती तोवर हाती असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. बारीकसारीक फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच. ज्यानं हे मनमोकळेपणानं पाहिलं त्याचा विश्वास वेगळा होतो, हे खरं. कमी होतो असं मला दिसलं नाही. आणि पाळकानं हे सांगितलं नाही तर कॉलेजातला पोरगा ते मोबाइलवर वाचतो, मग त्याला वाटतं आपल्यापासून लपवलं.

गावच्या मंडळीला त्याचा काय उपयोग?

काकाजींचा खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर मी वर्गातलं देऊ शकत नाही.

आमच्या भागात शेतकऱ्यानं जीव दिला की तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच की याला मातीच्या वेळी प्रार्थना करायची का, हे पाप ना? त्या घरात विधवा ऐकत असते, लेकरं ऐकत असतात. पाळकाजवळ त्या क्षणी फक्त ऐकीव गोष्टी असल्या तर तो घाव वाढवून येतो.

मजकूर काय म्हणतो ते पाहा. २ शमुवेल १७:२३. दावीद राजाचा पूर्वीचा सल्लागार अहीथोफेल गाढवावर खोगीर घालून आपल्या गावी जातो, घरच्यांची निरवानिरव करतो, गळफास घेतो, आणि "त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरले." एवढंच. दोषाचा एक शब्द नाही, कुणाचा शाप नाही. बापाच्या कबरेत पुरणं हा त्या संस्कृतीत काय मान होता ते शिकलं की ही साधी ओळ किती जड आहे ते उमगतं. त्याला आपल्या माणसांतून बाहेर काढलं नाही. ईयोबाच्या पुस्तकात मित्र सांगत बसतात की संकट आलं म्हणजे तुझं काहीतरी पाप असेल. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, आणि म्हणतो की ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही. हे मराठीतही आहे. पण पुस्तकात कोण बोलतंय, कुणाचं बोलणं शेवटी नाकारलं गेलं, याचं भान नसलेला माणूस त्या मित्रांचीच वाक्यं देववचन म्हणून मयताच्या घरी वाचतो. मी ऐकली आहेत.

म्हणून मला हे शिक्षण चैन वाटत नाही. चार घरी जाता येणं हवंच, काकाजींचं खरं आहे. पण त्या चार घरांत काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, ते कुठून आणायचं?

आणि गाव काय शिकवतं?

उलट बाजूही आहे. शहरातल्या ग्रंथालयात जी गोष्ट चार टीपा वाचून कळते, ती आमच्याकडं लोकांना अंगावरून माहीत असते. योहान ४:९ मध्ये शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई येशूला म्हणते, तुम्ही यहूदी असून माझ्याकडं पाणी कसं मागता? पुढं खुलासा आहे की यहूदी शोमरोन्यांशी 'संबंध ठेवीत नाहीत'. ग्रीक क्रियापदाची फोड 'सोबत वापरणं' अशी होते, आणि काही अभ्यासक ते वाक्य असं लावतात की यहूदी त्यांची भांडी वापरत नाहीत. येशूजवळ पोहरा नव्हता, म्हणजे प्यायचं तर तिच्याच भांड्यानं. ज्यांच्या आज्यांना वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं, ज्यांनी हॉटेलाबाहेर वेगळा ठेवलेला कप विसळला, त्यांना या विहिरीपाशी काय घडलं ते समजावणारे आपण कोण? जुन्या करारातली रूथ शेतात कापणीत मागं राहिलेल्या ओंब्यांचा 'सरवा' वेचते, तो शब्द आजही आमच्या बायकांच्या तोंडी आहे.

भाची त्या दिवाळीत यशयाचा २८वा अध्याय करत होती. तिथं शेतकऱ्याचं वर्णन आहे. कलौंजीवर कुणी मळणीची गाडी फिरवत नाही, ती काठीनं झोडतात, आणि जिरं छडीनं. कोणतं धान्य किती जोरानं, हे त्याला त्याचा देव शिकवतो. तिच्या पुस्तकात हिब्रू शब्दांवर दीड पान होतं, पण एवढं हळू झोडायचं म्हणजे कसं, ते तिला कळत नव्हतं.

मागच्या अंगणात तिळाच्या पेंढ्या उन्हात उभ्या होत्या. मामीनं सतरंजी अंथरली, एक पेंढी उलटी धरली आणि तुरीच्या काडीनं बुडाशी टकटक केली. तीळ सरसर खाली आला. "यावर कोनी ट्रॅक्टर फिरवते काय?" मामी म्हणाली. भाचीनं काडी मागून घेतली आणि जोरात मारली, तर बोंडंच तुटून पडली. मामीनं तिचं मनगट धरलं आणि दोन-तीनदा तिच्या हातानं मारून दाखवलं, मग सोडलं. पोरीनं ती पेंढी झटकून संपवली, पदराएवढ्या तिळाकडं पाहत थोडा वेळ बसली, आणि आत जाऊन वही घेऊन आली.